ज्ञानदानाआधी अभयदान : आपल्या बालमंदिराच्या संकल्पाविषयी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कामठी येथे झालेल्या सभेतील भाषण)

 

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या काळात ज्यांनी तन, मन आणि धन वेचले त्यांचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे. धर्मशाळा, पाठशाळा, उन्हाळ्यातील पाणपोई, गरजूंना औषधांची मदत, ही कामे आपल्या वडीलधाऱ्यांनी उभी केली आणि आपण ती चालविली. सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो, तसाच पुढे काय करावयाचे हे ठरविण्याचाही असतो. विश्वस्त मंडळाने माझ्याकडे दुसऱ्या भागाची जबाबदारी सोपविली आहे.

आपणापैकी बहुतेकांना ठाऊक आहे की, काही महिन्यांपूर्वी ट्रस्टपुढे एक प्रस्ताव आला. आपल्याच समाजाची एक कन्या विवाहानंतर काही वर्षे इंग्लंडमध्ये राहून कुटुंबासह परतली आहे. तिचे मूल तेथे तीन वर्षांचे झाले आणि तेथील बालशाळेत जाऊ लागले. तिने विश्वस्तांना जे सांगितले ते मी थोडक्यात आपणांपुढे ठेवतो. तेथे मुलांच्या पाठीवर दप्तर नव्हते. दूध पेल्यात ओतून घेण्याचे काम मुलेच करीत. दूध सांडले तर कोणी रागावत नसे; फडके कोठे आहे हे मुलास ठाऊक असे आणि ते स्वतः पुसून घेई. बाई खुर्चीवर बसत नसत, मुलाच्या उंचीला वाकून, त्याच्या डोळ्यांत पाहून बोलत. पाऊस असला तरी मुले काही वेळ बाहेर जात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरचे मूल आणि त्याच दवाखान्यात सफाई करणाऱ्या बाईचे मूल एकाच चटईवर बसत. कारण इंग्लंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलास वर्षातील ३८ आठवडे, आठवड्याला १५ तासांचे बालशिक्षण शासनाच्या खर्चाने मिळते.

या कन्येची इच्छा अशी की, असे काही कामठीत व्हावे. प्रस्तावावर नाव लिहिले गेले ‘इंटरनॅशनल प्री-स्कूल’. धर्मशाळेच्या तळमजल्यावरील सभागृह त्यासाठी द्यावे असे ठरत आहे. पण त्याबरोबर दोन प्रश्न उभे राहिले आहेत आणि त्यांवर समाजात मतभेद आहेत. पहिला, ही शाळा केवळ आपल्या समाजातील मुलांसाठी असावी की सर्वांसाठी? दुसरा, ती पूर्णपणे इंग्रजीतून असावी की घरच्या भाषेतून? या दोन प्रश्नांच्या उत्तरावर या शाळेचे भवितव्य अवलंबून आहे असे मला वाटते. म्हणून आज त्यांवरच बोलणार आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापडाचा व्यापारी. बालशिक्षणाचा तज्ज्ञ नव्हे. परंतु दुकानात कोणताही नवा माल घेण्यापूर्वी तो कोठून आला, कोणी वापरला, धुतल्यावर त्याचा रंग टिकला की नाही, हे पाहण्याची आम्हा व्यापाऱ्यांना सवय असते. त्याच सवयीने मी या विषयाकडे पाहिले. तेव्हा असे आढळले की, परदेशात काही चांगले पाहून आपल्या देशात लहान मुलांची शाळा काढण्याची गोष्ट नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी हे घडले आहे, आणि त्यात एका जैन घराण्याचा मोठा वाटा आहे. ते घराणे कापडाचेच होते, हा मला विशेष आनंदाचा भाग.

प्रथम या पद्धतीच्या उगमाकडे पाहू. मारिया माँटेसरी हे नाव आज आपण महागड्या शाळांच्या फलकांवर वाचतो. या बाई इटलीतील डॉक्टर होत्या. त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब कामगार वस्तीत सुरू झाले. तेथील चाळींतील आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली लहान मुले जिन्यांची व भिंतींची नासधूस करीत. चाळींच्या मालक कंपनीने हिशेब केला की, भिंती पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल. त्या खोलीची जबाबदारी डॉक्टर बाईंकडे आली. तेथे त्यांनी पाहिले की, ज्यांना सर्वजण दांडगी म्हणत होते तीच पन्नासएक मुले, हाताला योग्य काम मिळताच, तासन् तास एकाग्र होऊन बसू लागली. बंधूंनो, ज्या पद्धतीला आज श्रीमंतांची पद्धत समजले जाते तिचा जन्म गरिबांच्या चाळीत झाला, हे आपण विसरता कामा नये.

आता आपल्या देशात येऊ. अहमदाबादचे साराभाई हे जैन घराणे, कॅलिको मिलचे मालक. या घराण्यातून परदेशातील अनुभवावर दोन शाळा निघाल्या. त्या दोन्ही मी आपणांपुढे मांडतो, कारण आपल्यापुढील पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात आहे.

पहिली व्यक्ती अनसूयाबेन साराभाई. जन्म ११ नोव्हेंबर १८८५. आईवडील लहानपणीच गेले, तेराव्या वर्षी विवाह झाला आणि तो टिकला नाही. त्यांचे धाकटे बंधू अंबालाल साराभाई यांनी बहिणीला पाठबळ दिले आणि १९१२ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे प्राण्यांचे विच्छेदन करावे लागे. जैन संस्कारात वाढलेल्या त्यांच्या मनाला ते मानवेना. त्यांनी वैद्यक सोडले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजविषयक अभ्यासाकडे वळल्या. त्या काळात इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची आणि कामगारांच्या हक्कांची चळवळ चालू होती. ते सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९१३ मध्ये त्या परतल्या आणि त्यांनी गिरणी कामगारांच्या मुलांसाठी, कोणत्याही जातीधर्माचा भेद न करता, शाळा सुरू केली. कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर काढले. एके दिवशी सलग छत्तीस तासांची पाळी करून घरी परतणाऱ्या थकलेल्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या आणि तेव्हापासून त्या कामगारांच्याच होऊन राहिल्या. १९१८ च्या अहमदाबादच्या प्रसिद्ध संपात महात्मा गांधींसोबत बहीण कामगारांच्या बाजूला होती आणि भाऊ गिरणीमालकांच्या बाजूला. तरीही भावाबहिणीचे प्रेम ढळले नाही. अनेकांताचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

दुसरी शाळा याच अंबालाल साराभाईंची आणि त्यांच्या पत्नी सरलादेवींची. या दांपत्यास आठ अपत्ये. तत्कालीन शाळांतील घोकंपट्टी आणि छडी त्यांना मान्य नव्हती. १९२० च्या सुमारास ते इंग्लंडमध्ये असताना माँटेसरी पद्धतीकडे त्यांचे लक्ष गेले आणि आपल्या मुलांसाठी आपणच शाळा काढावयाची असे त्यांनी ठरविले. अहमदाबादमधील शाहीबाग येथील ‘रिट्रीट’ या त्यांच्या निवासस्थानी ती शाळा सुरू झाली. देशी आणि विदेशी शिक्षक आले. त्यांतील एक ई. एम. स्टँडिंग. हेच गृहस्थ पुढे माँटेसरींचे चरित्रकार म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांचे पुस्तक १९५७ मध्ये निघाले. या घरच्या शाळेत भाषा आणि गणिताबरोबर संगीत, चित्रकला, बागकाम आणि हातकामाची कार्यशाळा होती. त्या कार्यशाळेत एका मुलाने वाफेच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली. तो मुलगा म्हणजे भारतीय अवकाश संशोधनाचे जनक डॉ. विक्रम साराभाई. त्यांची एक बहीण मृदुलाबेन स्वातंत्र्यलढ्यात उतरली. दुसरी बहीण लीनाबेन मंगळदास हिने १९४७ मध्ये अहमदाबादेत ‘श्रेयस’ ही शाळा स्थापन केली. बंधू गौतमभाई आणि भगिनी गिराबेन यांचा राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा होता.

आता या दोन शाळा शेजारी ठेवून पाहू. एक चाळीत, दुसरी बंगल्यात. एक दुसऱ्यांच्या मुलांसाठी, दुसरी स्वतःच्या मुलांसाठी. कोणी म्हणेल, बंगल्यातील शाळेनेच थोर माणसे दिली, मग आपणही तीच वाट का धरू नये? त्यावर माझे म्हणणे असे की, बंगल्यातील शाळा चांगलीच होती, पण तिचे खरे मोल त्या मुलांनी पुढे काय केले यात आहे. लीनाबेनने आपल्याला जे मिळाले ते कुंपणाबाहेरच्या मुलांसाठी खुले केले. विक्रमभाईंनी शाळकरी मुलांना विज्ञान हाताळता यावे म्हणून अहमदाबादेत सामुदायिक विज्ञान केंद्र उभे केले. दरवाजा उघडावयास त्या घराला एक पिढी लागली. आपण तो पहिल्याच दिवशी उघडा ठेवू शकतो. शिवाय ती शाळा एका कुटुंबाच्या पैशाची होती. आपली शाळा दान केलेल्या पैशाची असेल. खाजगी तिजोरी आणि धर्मादाय पेटी यांचा हिशेब एकाच वहीत लिहिता येत नाही.

अंबालालभाईंच्याच जीवनातील आणखी एक प्रसंग येथे सांगणे योग्य होईल. १९१५ मध्ये गांधीजींनी अहमदाबादच्या आश्रमात एका अस्पृश्य कुटुंबास घेतले. त्याबरोबर आश्रमाची आर्थिक मदत आटली आणि आश्रम बंद पडण्याची वेळ आली. त्या वेळी एक तरुण शेठ मोटारीने आश्रमाच्या दाराशी आला आणि रुपये १३,००० च्या नोटा गांधीजींच्या हाती देऊन, नावाचा उच्चारही न करता निघून गेला. ते शेठ अंबालाल साराभाई. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. ज्या कारणासाठी इतरांनी हात आखडला नेमक्या त्याच कारणासाठी त्यांनी हात पुढे केला.

आपल्या महाराष्ट्रातही हा दाखला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन कुटुंबात २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत जेवावयास बसविले. त्यांनी जर शाळेच्या दारावर ‘केवळ जैनांसाठी’ अशी पाटी लावली असती तर आज त्यांचे नाव घराघरांत गेले असते काय? जैनत्व त्यांच्या पाटीत नव्हते, वागणुकीत होते.

येथवर पहिला प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यासाठी मला आणखी दोन व्यक्तींची ओळख करून द्यावयाची आहे. त्यांतील एकीचा आपल्या विदर्भाशी संबंध आहे.

गिजुभाई बधेका. जन्म १५ नोव्हेंबर १८८५, म्हणजे अनसूयाबेनच्या नंतर अवघ्या चार दिवसांनी. १९०७ मध्ये ते पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेले आणि दोन वर्षांनी परतून मुंबईत वकील झाले. परक्या मुलखात स्वतःची कामे स्वतः करण्याची जी सवय त्यांना लागली ती पुढे त्यांच्या शिक्षणविचाराचा पाया ठरली. १९१३ मध्ये त्यांना पुत्र झाला. या मुलाला कसे शिकवावे, हा विचार करता करता माँटेसरींचे पुस्तक त्यांच्या हाती पडले. बापाची काळजी वकिलीवर मात करून गेली. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. कल्पना इटलीची, पण गाणी, गोष्टी, खेळ आणि भाषा सारी गुजरातची. मुलांवर आईसारखी माया करणाऱ्या या पुरुषाला लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले.

दुसऱ्या ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, १८९२ सालचा. विवाहानंतर त्या अमरावतीस राहिल्या; पती तेथे वकील होते. पुढे लहान मुलीला घेऊन त्या विभक्त झाल्या आणि राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख म्हणून गेल्या. मुलीच्या शिक्षणाचा विचार करीत असताना गिजुभाईंचे काम त्यांना कळले आणि १९२३ मध्ये, मानाची नोकरी सोडून, त्या भावनगरला त्यांच्यासोबत कामास लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढले. तेथवर ही शाळा शहरातील सुस्थितीतील घरांची होती. ताराबाईंना प्रश्न पडला की, हे खेड्यातील गरीब मुलाला कसे मिळेल? परदेशी पद्धतीची साधने महाग होती.

१९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. शिंपले, बिया, खडे, माती, पाने, गवत यांपासून साधने बनली. मोजावयास चिंचोके, रंगावयास माती. दलित वस्तीतील मुले शाळेपर्यंत येत ना, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तेथील मुले गुरे चारावयास जात, म्हणून कुरणशाळा निघाली. शासनाने २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज भारतातील प्रत्येक गावात जो शब्द आहे तो एका मराठी बाईच्या कामातून आला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

स्वतः माँटेसरी बाई नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे शिक्षकांना प्रशिक्षण देण्यासाठी आल्या. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. त्यात इटली शत्रुपक्षास मिळाल्यामुळे त्यांच्या फिरण्यावर बंधने आली आणि काही महिन्यांसाठी आलेल्या बाई कित्येक वर्षे भारतात राहिल्या. अहमदाबादेतही त्यांचे वर्ग झाले. आपल्या देशातील हजाराहून अधिक शिक्षक त्यांनी तयार केले.

यानंतरच्या काळात चित्र बदलले. १९९३ मध्ये, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या व शिक्षिका असलेल्या लीना आशर यांनी मुंबईत कांगारू किड्स सुरू केले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बालशाळा हा एक मोठा व्यवसाय झाला. नागपुरात आणि आता कामठीतही अशा शाळांचे फलक दिसतात. व्यवसाय करणे गैर नाही, मी स्वतः व्यावसायिक आहे. परंतु ट्रस्टने शाळा काढावयाची तर ती दुकान म्हणून काढता येणार नाही.

या सर्व इतिहासावरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्यांची शाळा टिकली त्यांनी परदेशातून नाव आणले नाही, भाषा आणली नाही, खेळणीही आणली नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहण्याची दृष्टी आणली आणि बाकी सारे आपल्या मातीतले वापरले. कापडाच्या काठावर ‘इंपोर्टेड’ असा शिक्का असला म्हणून जाणते गिऱ्हाईक फसत नाही. ते दोन बोटांत धरून पोत पाहते. आपल्या कन्येने इंग्लंडमध्ये जे पाहिले त्याचा पोत कोणता? बाई मुलाच्या उंचीला वाकत होत्या, हा. दूध सांडल्यावर मुलाला भीती वाटत नव्हती, हा. डॉक्टरचे आणि सफाई कामगाराचे मूल एकत्र बसत होते, हा. इंग्रजी ही त्या मुलांची घरची भाषा होती, एवढेच. आपण त्यांच्याकडून घ्यावयाचे ते हे की, त्यांनी लहान मुलाला घरच्या भाषेत शिकविले.

येथे कामठीची एक अडचण आहे, ती मी टाळू इच्छित नाही. आपले गाव १८२१ च्या सुमारास कन्हान नदीकाठी लष्करी छावणी म्हणून वसले. तेव्हापासून येथे नाना प्रांतांचे लोक आले. आपल्याच समाजात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी मारवाडी, कोणाच्या घरी गुजराती, तर कोणाच्या घरी हिंदी बोलली जाते. बाजारात उर्दू आणि सिंधी ऐकू येते. मग घरची भाषा म्हणजे कोणती? माझे उत्तर असे की, तीन वर्षांच्या मुलाला या अडचणीची भीती वाटत नाही, ती मोठ्यांना वाटते. आपल्या गल्लीतील मूल आजीशी एका भाषेत, भाजीवाल्याशी दुसऱ्या भाषेत सहज बोलते. शिक्षिका मराठी आणि हिंदी दोन्ही उत्तम बोलणारी असावी, मुलाने ज्या भाषेत प्रश्न विचारला त्या भाषेत तिने उत्तर द्यावे, गाणी आणि गोष्टी सर्व भाषांतील असाव्यात. इंग्रजीही कानावर पडावी, गाण्यांतून, खेळांतून. परंतु पाणी मागण्यासाठी मुलाला इंग्रजी शब्द आठवावा लागू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून वा स्थानिक भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला आहे.

जग कामठीला परके नाही. १९९९ मध्ये जपानी सहकार्याने उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार पाहावयास देशोदेशीचे लोक आपल्या गावी येतात. त्या वास्तूला आंतरराष्ट्रीय म्हणावे लागत नाही, ती आहेच. आपले बालमंदिर चांगले झाले तर त्याच्या नावात तो शब्द नसला तरी चालेल.

आता धर्माच्या दृष्टीने पाहू, कारण शेवटी आपण धर्मादाय संस्था आहोत. ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे, असे आपले आचार्य सांगतात. ते बाहेरून ओतावयाचे नसते. ज्ञानावरणीय कर्माचे आवरण जसजसे दूर होईल तसतसे ते प्रकट होते. पाठशाळेत आपण सर्वजण हे शिकलो आहोत. मग लहान मुलाला रिकामे भांडे समजून त्यात पाढे आणि स्पेलिंग ओतत राहणे आपल्या सिद्धांताशी कितपत जुळते? माँटेसरी बाईंनी जैन ग्रंथ वाचले होते असे मी म्हणत नाही. परंतु मुलामध्ये शक्ती आधीच असते आणि मोठ्यांचे काम आड येणारे अडथळे काढण्याचे, हा त्यांचा विचार आपल्या कानांना ओळखीचा वाटतो.

दुसरे, आपण चार दाने मानतो : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. पन्नास वर्षांत ट्रस्टने पहिली दोन मनापासून केली. पाठशाळेच्या रूपाने तिसरेही केले. अभयदान म्हटले की आपल्याला पांजरापोळ आठवते, पशुपक्ष्यांचे प्राण वाचविणे आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु तीन वर्षांच्या मुलाला छडीची भीती, चुकण्याची भीती, वर्गात हसे होण्याची भीती असते. प्रवेशासाठी मुलाखत घेतली तर तिचीही भीती असते. ही भीती घालविणे हे अभयदानच होय. घाबरलेल्या मुलाच्या पदरात ज्ञान पडत नाही. म्हणून मी म्हणतो, बालमंदिरात ज्ञानदानाच्या आधी अभयदान.

काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले, ‘समाजाचा पैसा समाजाच्याच मुलांवर खर्च व्हावा, यात चूक काय?’ त्यांची कळकळ मला समजते. आपली संख्या थोडी आहे आणि मुलांवर आपले संस्कार राहावेत ही त्यांची चिंता खरी आहे. त्यावर माझे निवेदन असे की, संस्कार शाळेच्या वातावरणाने होतात, हजेरीपटाने नव्हे. शाळेत सात्त्विक शाकाहारी अल्पाहार असेल, मुले मुंगीला पाहून पाऊल जपून टाकावयास शिकतील, खाण्यापूर्वी क्षणभर शांत बसतील. हे सर्व मुलांना उपयोगीच आहे आणि कोणाच्याही धर्माला बाधक नाही. उलट, आपले मूल पहिल्यापासून बौद्ध, मुस्लिम, सिंधी, हिंदू मित्रांबरोबर वाढले तर पुढे दुकानात बसल्यावर त्याला गिऱ्हाईक परके वाटणार नाही. जीवांनी परस्परांस उपकारक व्हावे, ही तत्त्वार्थसूत्राची शिकवण आपल्या प्रतीकचिन्हाखाली आपण छापतो. ती आता वर्गात बसवावयाची आहे.

व्यापारी म्हणून दोन शब्द खर्चाविषयी बोलतो. बालशाळा काढताना बहुतेकांचा पैसा रंगीत भिंती, प्लास्टिकच्या घसरगुंड्या आणि फलकावर जातो, आणि शिक्षिकेच्या पगाराची वेळ येताच हात आखडतो. हा हिशेब उलटा आहे. घसरगुंडीची किंमत दरवर्षी घटते, शिक्षिकेची दरवर्षी वाढते. कोसबाडने दाखवून दिले की साधने बिया आणि शिंपल्यांचीही चालतात, पण शिकविणारी व्यक्ती मात्र ताराबाई-अनुताईंच्या तोडीची लागते. म्हणून दानशूर मंडळींना माझी विनंती आहे की, खोलीवर नावाची पाटी लावण्याऐवजी एका शिक्षिकेचे वर्षाचे मानधन आपल्या कुटुंबाच्या नावे द्यावे. अपरिग्रहाचे पालनही त्यात होईल.

सभेच्या विचारार्थ मी पाच गोष्टी ठेवतो. एक, प्रवेश सर्व समाजांच्या मुलांना खुला असावा आणि मुलाची वा पालकांची मुलाखत नसावी. दोन, जागा किती त्याचा निश्चित हिस्सा, माझ्या मते किमान एकतृतीयांश, बिडी कामगार, हातमाग कामगार, हमाल आणि घरकाम करणाऱ्या भगिनींच्या मुलांसाठी विनामूल्य राखून ठेवावा, आणि कोणाचे मूल विनामूल्य आहे हे कार्यालयाबाहेर कोणासही कळू नये. तीन, सहा वर्षांपर्यंत लेखी परीक्षा, गृहपाठ आणि शिक्षा नसावी. चार, पहिले शिकविणे घरच्या भाषेत, इंग्रजीची ओळख खेळातून. पाच, शाळा उघडण्यापूर्वी शिक्षिकांना पूर्ण प्रशिक्षण द्यावे, मग एक वर्ष उशीर झाला तरी चालेल.

आमच्या व्यवसायाची स्थिती आपण जाणताच. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद झाली. अहमदाबादची कॅलिको मिलही राहिली नाही. त्यांच्या कापडाची थाने आमच्या दुकानांत एके काळी भरलेली असत. परंतु त्या कापडाच्या पैशातून वाढलेल्या लीनाबेनची शाळा आजही मुले शिकवीत आहे. धनाचा कोणता उपयोग टिकतो, याचा हिशेब यातून करता येतो.

हा प्रस्ताव आणणाऱ्या आपल्या कन्येचे मी समाजाच्या वतीने अभिनंदन करतो. तिने परदेशात जे पाहिले ते केवळ स्वतःच्या मुलासाठी ठेवले नाही.  पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेत या प्रस्तावावर निर्णय होणार आहे. तेथे सर्वांनी, विशेषतः माता-भगिनींनी, आवर्जून उपस्थित राहावे व मोकळेपणाने मत द्यावे, ही विनंती. माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.